पात्यांवरचा रंग

मे संपत आला की औसा रस्त्यावरच्या त्या वेल्डिंगच्या दुकानासमोर बसायला जागा उरत नाही. कुणी मोगड्याचे, म्हणजे जमीन उकरायच्या दातेरी अवजाराचे, फाळ बदलायला आलेलं असतं, कुणाच्या ट्रॉलीचा फाळका निखळलेला असतो, कुणाला दोन फणांमधलं अंतर आपल्या पिकाप्रमाणे वाढवून हवं असतं. मृग तोंडावर आलेला, आभाळ कोरडं, पत्र्याखाली कोंडलेला उकाडा आणि त्यात ग्राइंडरच्या ठिणग्या. पेरणी यंत्राच्या एका फणाचा जोड तडकला होता, तो घेऊन मीही लिंबाच्या सावलीत नंबर लावून बसलो होतो. तेवढ्यात समोर एक छोटा टेम्पो थांबला. मागे दोराने आवळलेला चार फुटी रोटाव्हेटर, ट्रॅक्टरच्या ताकदीवर पाती फिरवून माती बारीक करणारं अवजार. ड्रायव्हरच्या शेजारून उतरलेला माणूस माझ्या घरचाच निघाला. माझ्या चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी.

"द्यायचाय हा," ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदाराने रोटाव्हेटरची मागची फळी वर केली, आत हात घालून पाती चाचपली. मीही वाकून पाहिलं. कडेची दोन पाती दगडाला लागून मुडपली होती. बाकीच्यांची टोकं तेवढी घासून पांढरी झालेली; मानेवर मात्र कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. रीतसर चाललेल्या रोटाव्हेटरच्या पात्यांवर रंग एक हंगामसुद्धा राहत नाही. माती तो पहिल्या काही तासांतच ओरबाडायला लागते, आणि दिवाळीपर्यंत पाती घासलेल्या पळीसारखी लख्ख होतात. दुकानदाराने ४५ हजार सांगितले. दाजींनी तो ८५ हजारांना घेतला होता. त्यांनी घासाघीस केली नाही. माझ्या शेजारी येऊन बसले, उपरण्याने मान पुसली आणि म्हणाले, "तुमचं कसं काय पाव्हणं? नांगरट झाली का?"

एवढंच.

तो रोटाव्हेटर त्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला तेव्हा मी बांधावर उभा होतो. त्यांनी जुना १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला होता आणि हातात आता एकाच अवजाराचे पैसे होते. "पहिलं काय घ्यावं?" एवढाच प्रश्न. मी म्हणालो, "रोटाव्हेटर घ्या, त्याच्यात सगळं येतं." त्यांची जमीन अडीच एकर, माळाला लागून, मुरमाड, पावलापावलावर गोटे वर येणारी. हे मला माहीत होतं. बहिणीच्या लग्नानंतर त्या शेतात मी हुरडा खाल्ला आहे, अनवाणी चाललो तेव्हा तळपायाला ते गोटे टोचले आहेत. तरीही ट्रॅक्टर किती ताकदीचा, जमीन कशी, पीक कोणतं, घरी कोण कोण राबतं, यातलं काही मी विचारलं नाही. फोन दोन मिनिटांत संपला. त्या दोन मिनिटांची किंमत लिंबाखाली बसून मी मनात मांडत होतो आणि ते माझ्या नांगरटीची चौकशी करत होते. माझ्या फणाला टाका पडला, पैसे दिले, घरी आलो. रात्री अंगणात पडलो तर डोळ्यांसमोर पात्यांच्या मानेवरचा तो लाल रंग.

मी तसं सांगितलं, कारण मी स्वतः तसंच घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी २४ एचपीचा ट्रॅक्टर घेतला तेव्हा शोरूममध्ये हार घातलेल्या ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर आधीच जोडून ठेवलेला होता. कर्जाच्या कागदात दोघांचा हप्ता एकत्र बसत होता. ट्रॅक्टर घेतला आणि रोटाव्हेटर नाही, हे त्या दिवशी तिथे कुणाच्या मनातही आलं नसतं, माझ्या तर नाहीच. ९२ हजारांचं ते अवजार घरी आलं, आईने ट्रॅक्टरबरोबर त्यालाही कुंकू लावलं. पहिल्यांदा शेतात घातलं तो क्षण मी विसरणार नाही. आमच्या काळ्या रानात डोक्याएवढी ढेकळं पडलेली असायची, ती फोडायला वखराच्या पाळ्यावर पाळ्या घालाव्या लागायच्या. इथे मागे वळून पाहिलं तर चाळणीतून काढल्यासारखी माती. ओलसर, गार, खालून उकरून आलेला तो मातीचा वास. पोरं त्या मऊ रानात पाय रुतवत पळाली. शेजारचे बांधावर येऊन उभे राहिले. त्या सुखाला मी आजही खोटं म्हणणार नाही.

वडील मात्र खाली वाकले होते. त्यांनी ओंजळभर माती उचलली, बोटांमधून सोडली आणि म्हणाले, "पीठ झालंय रे." मला ते कौतुक वाटलं होतं.

त्या जूनमध्ये पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी जोराची सर आली, मागून कडक ऊन पडलं आणि त्या पिठाची वर खपली धरली. सोयाबीनचं बी नाजूक. त्याला चार सेंटिमीटरपेक्षा फार खोल घातलं तर वर यायला जड जातं, आणि वरून खपली बसली तर कोंब खालीच मान मोडून घेतो. आम्ही सगळे चार दिवस काटक्यांनी ती खपली फोडत रानात बसून होतो. आईचे गुडघे तेव्हापासूनचे. दुसऱ्या वर्षी हराळीचं चिवट गवत वाढलं. पूर्वी बांधाकडेला होती, ती रानात मध्यापर्यंत आली, कारण रोटाव्हेटर तिची मुळी उपटत नाही, तिचे तुकडे करतो, आणि तुकडा पडेल तिथे नवीन हराळी उभी राहते. लव्हाळ्याचंही तेच. कुंदा तर त्याला दाद देत नाही. त्याची मुळं इतक्या खोल गेलेली असतात की उन्हाळ्यात पलटी नांगराने वर काढून महिनाभर वाळवल्याशिवाय तो हटत नाही, आणि रोटाव्हेटर चार-पाच इंचांच्या खाली जात नाही. उलट त्याच खोलीवर वर्षानुवर्षं पाती फिरली की तिथे एक घट्ट थर तयार होतो. पाणी त्याच्यावर थांबतं, मुळी त्याच्यावर आडवी वळते. विहिरीकडच्या पट्ट्यात मी तुरीचं झाड उपटून पाहिलं, सोटमूळ काटकोनात वाकलेलं होतं.

रोटाव्हेटर वाईट असं मी म्हणत नाही. भाजीपाल्याचे वाफे करायचे असतील, ओल असताना पऱ्हाटीची धसकटं किंवा उसाचा खोडवा मोडून मातीत मिसळायचा असेल, तर त्याच्यासारखं काम दुसरं अवजार करत नाही. माझं सोयाबीन-हरभऱ्याचं रान होतं आणि दाजींचा माळ. आमच्या दोघांच्याही शेतांनी त्याला बोलावलं नव्हतं.

आजोबांच्या काळी घराच्या मागच्या सपरात औतफाटा टांगलेला असायचा. नांगर, मोगडा, वखर, पेरायची तिफण, तण काढायचं कोळपं, एका बाजूला बी सोडायचं चाडं आणि दोऱ्याने बांधलेल्या नळ्या. लहानपणी मला ती लाकडं एकसारखीच वाटायची. आजोबा हात फिरवून सांगायचे, हा वखर रब्बीचा, याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, रुंद, हा खरिपाचा. कोळपी दोन होती, एक ज्वारीच्या पाभरीच्या अंतराचं, एक करडईच्या. प्रत्येक अवजार गावच्या सुताराने आमच्या रानाकडे बघून आणि आमच्या बैलांच्या खांद्याकडे बघून केलेलं. जास्तीचं एकही नव्हतं, कारण लाकूडही मोजून मिळायचं आणि सुताराला बलुतंही मोजूनच द्यायचं. नवं घ्यायला लोक किती कचरायचे, त्याची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली म्हणतात. शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा मी त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो होतो. आता वाटतं, त्यांचं भय चुकीचं होतं, पण प्रश्न रास्त होता. हे लोखंड माझ्या मातीचं काय करणार आहे? एवढं विचारून ते दोन वर्षं थांबले. मी शोरूममध्ये दोन तासही थांबलो नाही.

त्या सपरातला औतफाटा वीस एकरांचा होता. वाटण्या होत होत माझ्याकडे पाच आले. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन झाले. जमिनीचे तुकडे पडत गेले आणि दारातलं लोखंड वाढत गेलं. आमच्या गल्लीत आज नऊ ट्रॅक्टर आणि सात रोटाव्हेटर आहेत. पावसाळ्यानंतर ते ताडपत्रीखाली उभे असतात, त्यांच्या आडोशाला कोंबड्या बसतात, आणि त्यांचे हप्ते दर सहा महिन्यांनी येतच राहतात.

मला खरा धडा मिळाला तो ट्रॅक्टर घेतल्यानंतरच्या दुसऱ्या जूनमध्ये. मृगाचा पाऊस छान झाला. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, तेवढा तो तीन दिवसांत झाला. आमचं रान भारी काळं. पाऊस थांबल्यावर लगेच पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत चिखल चिकटतो, आणि फार थांबलं तर वरचा थर कडक होतो. या दोन्हींच्या मधले जे मोजके दिवस, तो वापसा. वडील रोज सकाळी मूठभर मातीचा गोळा वळून कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. पहिले दोन दिवस गोळा पडून चपटा झाला. तिसऱ्या दिवशी फुटला पण दोन-तीन भागांत. चौथ्या दिवशी सकाळी तो जमिनीवर पडताच विखुरला. वडिलांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दारात ट्रॅक्टर होता. डिझेल भरलेलं होतं. रोटाव्हेटर होता. बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम लावून सावलीत सुकवलेलं होतं. नव्हतं ते पेरणी यंत्र. ते दरवर्षी आम्ही भाड्याने आणायचो, आणि गावातल्या तिन्ही पेरणी यंत्रांना त्याच दिवशी सगळ्या गावाचा वापसा गाठायचा होता. माझ्या पुढे चौघं होते. "उद्या येतो" असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि रात्रभर कोसळलं. पेरणी नऊ दिवस लांबली. वडील त्या काळात माझ्याशी शेतावर एक शब्द बोलले नाहीत. एकदा फक्त आईला म्हणताना ऐकलं, "घरात ट्रॅक्टर असून पेरणी खोळंबली." बैल असताना आमची पेरणी कधीच खोळंबली नव्हती. बैल हळू होते, पण तिफण आमची होती.

त्या पावसाळ्यात मी वहीत एक हिशेब लिहिला. वर्षभरात कोणतं काम किती तास, आणि ते काम किती दिवस थांबू शकतं. पहिला रकाना सगळेच मांडतात. रोटाव्हेटर माझ्याकडे एकराला साधारण दीड तास घेतो. पाच एकर, वर्षातून दोनदा, म्हणजे पंधरा तास. गावात त्याचं भाडं एकरी १८०० रुपये. वर्षाचे १८ हजार. म्हणजे ९२ हजारांत पाच वर्षांचं भाडं आलं असतं, त्यात डिझेल, पाती, तेल, व्याज काहीच धरलेलं नाही. दाजींच्या अडीच एकरांना त्यांच्या ८५ हजारांत नऊ वर्षांहून जास्त भाडं भागलं असतं. दुसरा रकाना भरताना मात्र मी बराच वेळ पेन धरून बसलो. नांगरट? फेब्रुवारीपासून मेपर्यंत कधीही. खोल नांगरट दरवर्षी लागतही नाही, तीन वर्षांतून एकदा पुरे, आणि माझ्या २४ एचपीच्या ट्रॅक्टरला आमच्या रानात पलटी नांगर ओढवतही नाही. चाकं जागेवर फिरतात. ती पन्नास एचपीवाल्याकडून भाड्यानेच करायची. शेणखत वाहायची ट्रॉली? उन्हाळाभर वेळ आहे, शेजाऱ्याची आहे. मळणी? सोयाबीन ढीग घालून ताडपत्रीखाली आठ दिवस दम धरतं, जिवाला घोर असतो पण धरतं. पेरणी? दोन दिवस, फार तर तीन. कोळपणी? पंधराव्या-विसाव्या दिवशी पहिली, तिसाव्याच्या पुढे दुसरी. मध्ये उघडीप मिळेल तेवढ्याच वेळात.

जे थांबू शकत नाही तेच घरचं हवं. बाकी सगळं दुसऱ्याच्या दारात उभं असलं तरी चालतं.

पेरणी यंत्र घ्यायला निघालो तेव्हा पुन्हा दोन रस्ते फुटले. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला तर अल्पभूधारकाला निम्म्यापर्यंत अनुदान, पण यंत्र चाचणी अहवाल असलेलंच लागतं, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करायची नाही, आणि आधी सगळे पैसे आपण भरायचे, अनुदान मागून आधारला जोडलेल्या खात्यात. दुसरीकडे औसा रस्त्यावरचा वेल्डर. त्याच्या यंत्राला अनुदान नाही, पण तो विचारतो, "मालक, दोन ओळींत किती ठेवता? तुरीची ओळ कितवी?" आणि तुम्ही सांगाल तसं फणांचं अंतर करून देतो. मी अनुदानाचं पाच फणी यंत्र घेतलं आणि नंतर ते त्याच्याकडे नेऊन दोन्ही कडांना सरी पाडणारे रिजर बसवून घेतले. आता चार-पाच ओळींनंतर आपोआप सरी पडते. जुलैच्या झडीत पाणी सरीतून निघून जातं आणि ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर सरीतली ओल वरंब्याला आठ दिवस जास्त पुरते. रुंद वरंबा सरीची ही पद्धत परभणीचं आणि अकोल्याचं विद्यापीठ कित्येक वर्षं सांगत आलंय. मला ती कळली पहिल्या सरीतून पाणी वाहताना पाहिलं तेव्हा.

पेरणी यंत्राची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला ट्रॅक्टरच्या पीटीओची, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याची, ताकद लागत नाही. ते नुसतं ओढायचं. बी टाकणारी चकती त्याच्याच जमिनीवरच्या चाकावर फिरते. म्हणून जुना, कमी ताकदीचा ट्रॅक्टरही ते सहज ओढतो. मोगड्याचंही तसंच, नुसती ओढ. पण घेताना बघायचं ते वेगळं. निव्वळ काळं रान असेल तर साध्या पक्क्या दात्यांचा मोगडा हलका पडतो, स्वस्तही. गोट्याचं रान असेल तर स्प्रिंगचाच घ्यावा, दगड लागला की दाता मागे झुकतो आणि पुन्हा जागेवर येतो. नाहीतर फ्रेम तरी वाकते नाहीतर अवजाराला वरून धरणाऱ्या टॉप लिंकचा कान तरी तुटतो. फाळ दोन्ही टोकांनी वापरता येणारे आहेत ना, हे पाहावं. एक टोक झिजलं की उलटं करून लावायचं. हायड्रॉलिकवर अवजार उचललं आणि पुढची चाकं हलकी झाली तर ते अवजार कितीही स्वस्त मिळत असलं तरी आपलं नाही. हे सगळं मला आता माहीत आहे. फोन आला त्या दिवशी यातलं निम्मं तरी माहीत होतंच, हे मला जास्त लागतं.

दर जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पेरणी यंत्राची परीक्षा घेतो. जॅक लावून चाक उचलायचं, प्रत्येक नळीला एक प्लास्टिकची पिशवी बांधायची, चाक ठरलेले फेरे हाताने फिरवायचं आणि पिशव्यांतलं बी तराजूवर तोलायचं. एकरी तीस किलोच्या हिशेबाने बसतंय का ते पाहायचं, आणि पाचही नळ्यांत सारखं पडतंय का तेही. मुलगी फेरे मोजते. वडील पिशवीतले दाणे तळहातावर घेऊन बघतात, टरफल निघालेले किती. सोयाबीनचं टरफल पातळ, चकतीत घासलं की निघतं आणि ते बी उगवत नाही. तिफणीच्या चाड्यावर आजीची मूठ चालायची. तिची मूठ बी मोजायची नाही, तरी ओळीत दाणा कमी-जास्त पडायचा नाही. वडील दाणे बघत असले की ते तिचीच मूठ आठवत असावेत असं मला वाटतं. मी विचारलेलं नाही.

पीटीओची भीती मला नंतर बसली. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, आणि त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर ग्रीस भरायला अडचण होते म्हणून आमच्याकडे पहिल्याच महिन्यात काढून टाकतात. मीही काढलं होतं. एक दिवस आई डबा घेऊन आली आणि चालू ट्रॅक्टरच्या मागून वाकून मला हाक मारायला लागली. पदर वाऱ्याने पुढे उडत होता. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. क्लच दाबून खाली उडी मारली एवढं आठवतं. दोन हातांचं अंतर होतं. १९८३चा धोकादायक यंत्रांचा कायदा आला तोही मळणी यंत्रात हात गमावणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या शेजारच्या गावात तसे एक आजोबा होते, उजव्या मनगटापाशी धोतराचा तुकडा गुंडाळलेले. त्या संध्याकाळी मी माळ्यावरून कव्हर काढून पुन्हा बसवलं. नवीन अवजाराच्या पैशांत ते कव्हर धरावंच लागतं. आईने त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही, पण तिने मागितलं ते वेगळंच होतं: सायकलचं कोळपं. जुन्या सायकलचं चाक, दोन दांडे, खाली एक पास. दोन हजारांच्या आत झालं. त्याला ना पीटीओ, ना डिझेल. दोन ओळींतून ती ते ढकलत नेते आणि म्हणते, "हे तुझ्या रोटाव्हेटरपरीस माझं."

वर्कशॉपमधल्या त्या दुपारनंतर आठ दिवसांनी मी दाजींच्या गावाला गेलो. बहिणीने चहा ठेवला. मी सरळ सांगितलं की, दाजी, मी तुम्हाला न विचारता, न बघता सांगितलं, माझी चूक झाली. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं म्हणून घेतला हे खरं. पण आणखी चौघांनी तेच सांगितलं असतं." त्यात माझी सुटका नव्हती आणि त्यांनाही मला सोडवायचं नव्हतं. ४५ हजार त्यांच्याकडे होते. आम्ही माळावर गेलो. त्यांनी गोटा उचलून बांधावर टाकला, मी एक टाकला. पाच दाती स्प्रिंगचा मोगडा घ्यायचं ठरलं, त्यातून निम्म्याहून जास्त पैसे उरत होते. पेरणी यंत्र घेऊ नका म्हणालो. ते चमकले. मी म्हणालो, तुमचं रान हलकं आहे, पाऊस थांबला की तुमचा वापसा माझ्या दोन दिवस आधी येतो. माझं यंत्र आधी तुमच्याकडे येईल, मग माझ्याकडे जाईल. आणि मोगडा उन्हाळ्यात माझ्याकडे येईल. बहीण दारातून म्हणाली, "म्हणजे वारंगुळाच की." एक बैल तुझा, एक माझा, अशी जोडी लावून दोन घरांची औतं चालायची त्याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात. तो शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

यंदा पाऊस सोळा जूनला सुरू झाला आणि एकोणीसला थांबला. वीसला पहाटे साडेपाचला फोन वाजला. पलीकडे वारा, एका टिटवीचा आवाज आणि दाजी. "पाव्हणं, गोळा फुटतोय." मी चावी घेतली. वडील अंगणात आमच्या काळ्या मातीचा गोळा हातात घेऊन उभे होते; त्यांनी तो सोडला, तो पडून चपटा झाला. "जा," ते म्हणाले. "आपल्याला बावीस उजाडंल." आईने पेरणी यंत्रावर कुंकवाचं बोट ओढलं. मी अवजार अडकवायच्या लिंच पिना तपासल्या, एक जास्तीची खिशात टाकली, आणि बावीस किलोमीटर ट्रॅक्टर चालवत गेलो. माळावर पोचलो तेव्हा दाजींनी पहिल्या ओळीसाठी दोन्ही टोकांना काठ्या रोवून ठेवल्या होत्या, आणि बहीण बांधाकडेला बियाण्याच्या पोत्याची शिवण उसवत बसली होती.